जुन्या लेथचं स्पिंडल बेअरिंग बसवताना
टेपर रोलर बेअरिंगच्या लेथवर नवं बेअरिंग हातोडीने ठोकू नका. स्पिंडलवर (लेथच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर) पुढे घट्ट बसणारा कोन (बेअरिंगची आतली कडी) स्वच्छ तेलात ८० ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा. गॅसची ज्योत अजिबात नको, पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरतं. गरम कोन स्पिंडलवर सहज सरकतो. गार होईपर्यंत स्पिंडलच्या खांद्याला (जाड पायरीला) दाबून धरा. मागचा कोन मात्र नट आवळला की सरकला पाहिजे, नाहीतर प्ले (बेअरिंगमधला ढिलेपणा) निघणारच नाही. प्ले जाईल इतकाच नट आवळा, अर्धा तास मधल्या स्पीडला चालवा आणि हेडस्टॉकला (स्पिंडल बसवलेल्या पेटीला) हात लावून पाहा. हात ठेववत नसेल तर नट किंचित सैल करा. रनआउट (फिरताना स्पिंडल किती डगमगतं ते) बघताना डायल गेजची सुई स्पिंडलच्या आतल्या टेपरला टेकवा. चकवर (काम पकडणाऱ्या जबड्यांच्या चकतीवर) टेकवली तर चकचाच दोष मोजाल.