खाचा शिल्लक, पकड गायब! हलक्या गाडीच्या ट्रॅक टायरबाबत या चुका टाळा

मागच्या उन्हाळ्यात मी माझ्या स्विफ्टचे पुढचे दोन टायर उतरवले, तेव्हा नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या ओळखीच्या टायरवाल्याने मला वेड्यातच काढलं. "भाऊ, निम्म्या खाचा बाकी आहेत अजून. काढताय कशाला?" खाचा होत्याच. नव्हती ती पकड. शेवटच्या ट्रॅक डेला (रेस ट्रॅकवर आपलीच गाडी पळवायचा दिवस) प्रत्येक वळणावर गाडीचं नाक बाहेर पळत होतं आणि मी उगाच सस्पेन्शनला शिव्या घालत होतो.

हलक्या गाडीवाल्यांची सगळ्यात मोठी चूक हीच. टायरचं वय आपण खाचांवरून मोजतो. दीड टनाची सेदान वळणात टायर अक्षरशः खरवडून काढते, त्यामुळे तिचा टायर घासूनच संपतो. मागची सीट काढलेली माझी गाडी साडेआठशे किलोंच्या आसपास. १९९६ साली आलेली पहिली लोटस एलिस तर साधारण ७२५ किलोंची. एवढ्या वजनाखाली रबर झिजतं कमी, पण दर वेळी तापून थंड होताना ते थोडं कडक होतंच. ट्रॅकवरच्या एका सत्राला एक चक्र धरा. सेमी-स्लिक, म्हणजे कमी खाचांचा मऊ ट्रॅक टायर, अशी पंधरा-वीस चक्रं झाली की बहुधा उतरणीला लागतो, मग खाच चार मिलिमीटर असो नाहीतर दोन. म्हणून गाडीत वही ठेवा आणि सत्रं मोजा. जमलं तर रबराचा कडकपणा मोजायचं शोअर मीटर घ्या. टायर नवा असताना आलेला आकडा लिहून ठेवा आणि पुढे तशाच थंड टायरवर, तशाच हवामानात मोजत जा. आकडा आठ-दहाने चढला की टायरवाला काय म्हणतो त्याकडे लक्ष देऊ नका.

इंग्लंडात राहणारा माझा मावसभाऊ एलिस चालवतो. त्याची तक्रार वेगळीच. इंजिन मागे, ताकद मागच्या चाकांना, त्यामुळे मागच्या दोन जोड्या संपेपर्यंत त्याची पुढची एकच जोडी चालते. ही बचत वाटते खरी, पण तोवर पुढचे टायर म्हातारे झालेले असतात. मागे ताजं रबर आणि पुढे वाळलेलं, अशी गाडी वळायलाच तयार होत नाही. पुढच्या-मागच्या मापांत फरक असल्याने अदलाबदलही करता येत नाही. शेवटी त्याने चारही टायर एकदम बदलायला सुरुवात केली.

"ट्रेडवेअर २०० म्हणजे १०० च्या दुप्पट चालणार" हा दुसरा गैरसमज. ट्रेडवेअर म्हणजे टायरच्या बाजूवर छापलेला टिकाऊपणाचा आकडा, अमेरिकी पद्धतीचा. टेक्सासमध्ये ठरलेल्या मार्गावर ७२०० मैल गाड्या पळवून, एका नमुना टायरच्या तुलनेत झीज काढतात. श्रेणी मात्र कंपनी स्वतःच देते. योकोहामा ए०५२ वर २०० असतं आणि टोयो आर८८८आर वर १००, म्हणून पहिला बरोबर दुप्पट टिकेल असं नाही. शिवाय हा सगळा हिशेब साध्या रस्त्यावरचा, ट्रॅकच्या तापमानाशी त्याचा संबंध नाही. पैसे वाचवायला हलक्या गाडीवर जास्त आकड्याचा कडक टायर घालणारे तर दोन्हीकडून जातात. तो टायर तापतच नाही, थंडपणी घसरत राहतो आणि घसरण्यानेच खडबडीत होऊन झिजतो. हलक्या गाडीला मऊ रबर परवडतं, हे लोकांना पटायला वेळ लागतो.

नाशिककरांची खास चूक म्हणजे ट्रॅकच्याच टायरवर गाडी चालवत ट्रॅक गाठणं. पुण्याजवळच्या नानोलीच्या ट्रॅकला जायचं तर दोनशेच्या आसपास किलोमीटर, तेवढं चालेल. पण चेन्नईचा ३.७१७ किलोमीटरचा ट्रॅक इथून बाराशेच्या वर आहे. जाऊन-येऊन अडीच हजार किलोमीटर सरळ रस्ता! सेमी-स्लिकला नवेपणीच पाच-सहा मिलिमीटर खाच असते, साध्या टायरला आठच्या आसपास. त्यातली मधल्या पट्ट्याची बरीच खाच तुम्ही सोलापूर-हैदराबाद रस्त्याला दान केलेली असते. ट्रॅकची चाकं ट्रेलरवर न्या नाहीतर मागची सीट पाडून आत भरा. माझी सीट काढायचं निम्मं कारण हेच आहे, बायकोला मात्र वजनाचं कारण सांगितलंय.

हवेचं सांगतो. पेट्रोल पंपावरचा हवावाला न विचारता ३५ मारतो. ट्रॅकवर टायर ८० अंशांपर्यंत तापला की सहा-आठ पीएसआय चढतात, म्हणजे बेचाळीसच्या आसपास. मग मधला पट्टा उकळतो, टायर साबणासारखा होतो आणि आयुष्य मधूनच संपतं. माझ्या गाडीत मी थंडपणी २६-२७ ठेवतो आणि ट्रॅकवरून बाहेर आल्या आल्या मोजून ३३ च्या आसपास आणतो. जानेवारीत नाशिकच्या आठ-दहा अंशांत पहाटे भरलेली हवा चेन्नईच्या दुपारी गाडी उभी असतानाच दोन-तीन पीएसआयने जास्त दिसते, हेही लक्षात असू द्या.

झीज वाचायची कशी? दोन्ही कडा गेल्या तर हवा कमी. मध्य गेला तर जास्त. फक्त आतली कड गेली की सगळे कॅम्बरला (चाकाच्या वरच्या टोकाचा आतला कल) दोष देतात, पण बऱ्याचदा खरा चोर टो (चाकांची पुढची टोकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) असतो. टायरवर आडवा हात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर आधी टो तपासा. फक्त बाहेरची कड गेली असेल तर मात्र कॅम्बर कमी पडतोय. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणाऱ्या ट्रॅकवर डावे टायर आधी जातात. डावे-उजवे बदलता येत असतील तर दर दोन ट्रॅक डेंनंतर बदला. फिरण्याच्या दिशेचा बाण छापलेले असतील तर रिमवरून काढून उलट बसवावे लागतील, त्याचे पैसे द्या, कुरकुर करू नका.

नवे टायर पहिल्याच सत्रात पिळून काढू नका. चार-पाच फेऱ्या हळूहळू तापवा आणि मग एक दिवस तसेच राहू द्या.

खरेदी करताना बाजूवरचे चार आकडे वाचा: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. जून २०२० पासून नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध आहेत, त्यामुळे असे टायर सहज मिळत नाहीत आणि मिळतात ते कधीकधी दुकानातच म्हातारे झालेले असतात. मला एकदा तीन वर्षांचा माल "एकदम फ्रेश" म्हणून मिळाला होता.

घरी ठेवतानाही चुका होतात. गच्चीवर पत्र्याखाली नको, आणि बंगल्यातल्या पाण्याच्या मोटारीशेजारी तर नकोच. मोटारीत ठिणग्या उडत असतील तर ओझोन निघतो आणि तो रबराला तडे पाडतो. काळ्या पिशवीत बांधून सावलीत ठेवा. पिंपळगावच्या एका द्राक्षबागायतदार मित्राने त्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये जागा देऊ केली होती. द्राक्षं शून्य अंशाजवळ ठेवतात आणि हे रबर तेवढ्या थंडीत ठिसूळ होतं, म्हणून हात जोडले.

पावसात तर प्रश्नच मिटला. कायद्याने १.६ मिलिमीटर खाच पुरते, पण हलकी गाडी, रुंद टायर आणि इगतपुरीचा जुलै असं एकत्र आलं की तीन मिलिमीटरवरही गाडी पाण्यावर तरंगते. जून ते सप्टेंबर मी साधे टायर लावतो.

त्या काढलेल्या दोन टायरचं काय केलं? टायरवाल्याने विकत मागितले होते, कुणाच्या तरी रोजच्या गाडीला घालायला. दिले नाहीत. सध्या ते मामाच्या मळ्यात कांद्याच्या ढिगावरची ताडपत्री उडू नये म्हणून ठेवलेत.