मेश नेटवर्कमधील लिंकची गुणवत्ता मोजणारा कोड कसा तपासावा

मेश नेटवर्कमध्ये अनेक नोड, म्हणजे छोटी वायरलेस उपकरणे, एकमेकांमार्फत संदेश पुढे पोहोचवतात; दोन नोडमधला थेट दुवा म्हणजे लिंक. पॅच, म्हणजे कोडमधला सुचवलेला बदल, हातात आला की त्यात नेमके काय मोजले जाते, ते आधी शोधावे. बहुतेक मेश प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक नोड ठरावीक अंतराने 'मी इथे आहे' असे सांगणारा छोटा हॅलो संदेश पाठवतो आणि त्यांपैकी किती पोहोचले यावरून लिंकचा दर्जा ठरतो. २००३ साली एमआयटीतील संशोधकांनी मांडलेल्या ईटीएक्स (संदेश पोहोचवायला सरासरी किती वेळा पाठवावा लागेल) या मापात जाताना आणि येताना संदेश पोहोचण्याच्या प्रमाणांचा गुणाकार करून त्याने १ ला भागतात. ही प्रमाणे ०.९ आणि ०.८ असतील तर उत्तर साधारण १.३९ येते. गुणाकारात क्रमाला अर्थ नसल्यामुळे दोन्ही दिशांची अदलाबदल झालेली असली तरी अंतिम आकड्यावरून ती कळत नाही, म्हणून दोन्ही प्रमाणे वेगवेगळी छापून पाहावीत.

भागाकार पूर्णांकात असेल, तर अपूर्णांकाचा भाग उडून जाऊ नये म्हणून आधी १२८ किंवा २५६ ने गुणले आहे का आणि शून्याने भागणे अडवले आहे का, एवढे पाहून पुढे जावे.

खरा घोळ हॅलोच्या अनुक्रमांकात, म्हणजे प्रत्येक हॅलोबरोबर एकाने वाढणाऱ्या क्रमांकात, असतो. ऐरोलीत आमच्या सोसायटीच्या गच्च्यांवर मी सहा नोड लावले होते आणि त्यांवरचा कोड माझाच होता. पाण्याच्या टाकीजवळच्या नोडच्या सगळ्या लिंक दर तीन दिवसांनी मिनिटभर नाहीशा होत आणि आपोआप परत येत. मी आधी टाकीला दोष दिला, मग लिफ्टच्या मोटरला, मग पावसाला. शेवटी वेळा वहीत मांडल्या, तेव्हा प्रत्येक खेप आधीच्यापेक्षा सुमारे ५० मिनिटे उशिरा येत असल्याचे दिसले. हॅलो दर ४ सेकंदांनी जात होता आणि क्रमांक १६ बिटांचा होता, म्हणजे तो ० ते ६५,५३५ पर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर येई. ६५,५३६ गुणिले ४ सेकंद म्हणजे ७२ तास ४९ मिनिटे. ६५,५३५ नंतर ० आला की माझा कोड तो जुना समजून टाकून देई, आणि शेजारी नोडची नोंद मुदत संपून पुसली जाऊन नव्याने तयार होईपर्यंत लिंक मृत राही.

म्हणून दोन क्रमांकांची थेट 'पेक्षा मोठा' अशी तुलना दिसली, तर पॅच तिथेच परत पाठवावा. त्याऐवजी वजाबाकी करून फरक धन की ऋण ते पाहिले आहे, एवढ्यावरही समाधान मानू नये. जिथे इंट (सी भाषेतला नेहमीचा पूर्णांक प्रकार) ३२ बिटांचा असतो, तिथे सी भाषेत १६ बिटी चिन्हरहित (उणे न होणाऱ्या) संख्यांची वजाबाकी आपोआप इंटमध्ये होते, आणि ० वजा ६५,५३५ याचे उत्तर १ न येता उणे ६५,५३५ येते. ते उत्तर पुन्हा १६ बिटी चिन्हांकित (उणेही होऊ शकणाऱ्या) प्रकारात आणलेच पाहिजे. माझी दुरुस्ती पहिल्या खेपेला नेमकी इथेच फसली होती.

त्यानंतर इतिहासाची खिडकी सरकवणारी ओळ वाचावी; अलीकडचा कोणता हॅलो आला आणि कोणता नाही, हे एकेका बिटात ठेवणारी संख्या म्हणजे ही खिडकी. मधले ४० हॅलो हरवले आणि कोडने ३२ बिटी संख्या ४० घरे सरकवली, तर सी भाषेत त्याचा परिणाम ठरलेलाच नाही. एका प्रोसेसरवर शून्य मिळेल, तर दुसऱ्यावर जुना इतिहास सरकलेल्या रूपात उरेल आणि तुटलेली लिंक चांगली दिसेल. बॅबेल या मार्ग ठरवणाऱ्या प्रोटोकॉलच्या आरएफसी ८९६६ या मानक दस्तऐवजात अपेक्षित आणि आलेल्या क्रमांकांत १६ पेक्षा जास्त फरक असल्यास शेजारी नोड बहुधा रीबूट झाला असे मानून त्याची नोंद पुसून टाकायला सांगितले आहे. तपासायच्या कोडचे धोरण वेगळे असले तरी चालेल, पण ते लिहिलेले असले पाहिजे.

'दोन नोड टेबलावर ठेवा आणि पिंग (एकाने हाक मारून दुसऱ्याचे उत्तर येते का, ही चाचणी) चालते का ते पाहा' हा सल्ला मला वारंवार मिळाला आहे आणि तो निरुपयोगी आहे, कारण टेबलावर जवळजवळ प्रत्येक हॅलो पोहोचतो आणि क्रमांक फिरून शून्यावर येण्याआधीच आपण जेवायला निघून जातो. चाचणीत सुरुवातीचा क्रमांक ६५,५३० ठेवायला सांगावा. तीन दिवसांनी दिसणारा दोष अर्ध्या मिनिटात समोर येतो.

शेवटी, जरा बऱ्या मार्गासाठी चालू मार्ग लगेच सोडला जात नाही ना, एवढे पाहून मंजुरी द्यावी.