स्टेजिंगवर चाललं, प्रॉडक्शनवर का नाही? ब्रँचवरून डिप्लॉय करताना या चुका टाळा

आमचं लातूरचं एका अडत दुकानाचं वेब अ‍ॅप आहे, सोयाबीनची आवक, भाव अन् शेतकऱ्याची पट्टी त्यातूनच निघते. कोड गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारं टूल) असतो अन् त्याच्या तीन ब्रँच म्हणजे शाखा: डेव्हलप ब्रँच टेस्टिंगला, स्टेजिंग ब्रँच दुकानदाराला दाखवायला अन् मेन म्हणजे प्रॉडक्शन, खरी चालू साइट, एवढी साधी मांडणी आहे, तरी लय वेळा फसलोत.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे थेट सर्व्हरवर कोड बदलणं. ऐन ऑक्टोबरच्या आवकेत ओलाव्याची कपात चुकायली म्हणून आमच्यातल्या एकानं एसएसएचनं (दुरून सर्व्हरवर लॉगिन करून) आत जाऊन दोन ओळी बदलल्या, पट्ट्या नीट निघायल्या, सगळे खूश. तिसऱ्या दिवशी दुसऱ्यानं डिप्लॉय केलं, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढवायला गेला, तर गिट पुल (नवा कोड ओढून घ्यायची कमांड) अडकलं, कारण सर्व्हरवर कमिट न केलेले, म्हणजे गिटमध्ये न नोंदवलेले बदल होते, त्यानं घाईत गिट रीसेट हार्ड (न नोंदवलेले बदल पुसणारी कमांड) मारलं अन् दुरुस्ती उडाली. शेतकऱ्याच्या हातात परत चुकीची पट्टी गेली, ते अजून मनाला लागतं. पुल अडकलं की आधी गिट स्टेटस अन् गिट डिफ चालवून काय बदललंय ते बघा, डिफ फाइलमध्ये सेव्ह करा, मगच रीसेट.

हॉटफिक्सचंही, म्हणजे लाइव्ह साइटवरच्या तातडीच्या दुरुस्तीचंही तसंच. मेनवरून ब्रँच काढून दुरुस्त केलं, मेनमध्ये मर्ज केलं म्हणजे मिसळलं, पण डेव्हलपमध्ये नाही केलं तर टेस्टिंगवर जुनाच बग दिसत राहतो अन् पुढं त्याच ओळीवर कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर) येतो, तो सोडवताना कुणी जुना कोड ठेवला की बग परत लाइव्ह. त्यामुळं हॉटफिक्स त्याच दिवशी डेव्हलपमध्येही मर्ज करा.

पासवर्डची डॉट ईएनव्ही फाइल गिटमध्ये गेली असेल तर नुसतं गिटइग्नोअरमध्ये (गिटनं दुर्लक्ष करायच्या फाइलींची यादी) नाव टाकून भागत नाही, गिट आरएम कॅश्ड करून फाइल गिटच्या नोंदीतून काढावी लागते. पण सांभाळा, ते कमिट सर्व्हरवर पुल झालं की तिथली ईएनव्ही फाइलच डिलीट होते अन् साइट बंद पडते, म्हणून आधी तिची कॉपी बाजूला ठेवा. अन् पासवर्ड बदलाच, जुन्या कमिटमध्ये तो दिसतच राहतो.

साइटचा दिसणारा भाग रिअ‍ॅक्ट किंवा व्हीटमध्ये केलेला असेल तर एपीआयचा (जिथून डेटा येतो त्या सर्व्हरचा) पत्ता बिल्ड करतानाच, म्हणजे कोडची तयार फाइल बनवतानाच आत बसतो, सर्व्हरवर ईएनव्ही बदलून काही होत नाही, त्या एन्व्हायर्नमेंटसाठी नवीन बिल्ड काढा. विंडोजवर चाललेला फोटो लिनक्सवर दिसंना तर फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल बघा.

अजून एक, यानं आमची अख्खी रात्र गेली होती. मर्ज रिव्हर्ट केला, म्हणजे उलटा कमिट टाकून मागं घेतला, अन् नंतर तीच ब्रँच परत मर्ज केली तर जुने बदल येतच नाहीत, कारण गिटच्या लेखी ते कमिट आधीच आलेले असतात. तिथं आधी त्या रिव्हर्टचाच रिव्हर्ट करा, मग ब्रँचवरचे नवे कमिट मर्ज करा.