हिप रिप्लेसमेंट करताय? गावचं घर आधी तयार करा

आईवडील गावी आणि पोरं मुंबई-पुण्याला, अशा घरात खुब्याचं ऑपरेशन ठरलं की सगळ्यांचं बोलणं हॉस्पिटल, इम्प्लांट आणि खर्चावरच चालतं, घराकडे कोणी बघत नाही. आईच्या वेळी हे सगळं मी जवळून केलंय म्हणून कळकळीने सांगते, आपली कोकणातली घरं खाली बसणाऱ्या माणसांची आहेत, पाट, विळी, उकिडवं बसायचा संडास, उंच उंबरठे, आणि नव्या सांध्याला पहिले दीड-दोन महिने नेमकं हेच चालत नाही.

कारण साधं आहे. झिजलेला गोळा काढून मांडीच्या हाडात धातूचा दांडा, त्यावर नवा गोळा आणि वर नवी वाटी बसवतात, पण भोवतालचे स्नायू भरून यायला वेळ लागतो आणि तोवर पाय वेडावाकडा वळला तर गोळा वाटीतून निसटू शकतो. ऑपरेशन मागच्या बाजूने केलं असेल तर कंबरेत 90 अंशांपेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आतल्या बाजूला वळवायचं नाही. पुढच्या बाजूने केलं असेल तर नियम वेगळे असतात, तेव्हा कुठून करणार हे सर्जनना आधीच विचारा आणि लिहून घ्या.

तारीख हातात असेल तर पावसाळा टाळा. जून ते सप्टेंबर चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ, खळ्यात चिखल आणि रात्री लाईट गेलेली, त्यात वॉकर घेऊन चालणं म्हणजे पडायची भीतीच. अर्थात हाड मोडलं असेल तर थांबायचं नाही, लगेच जायचं.

ऑपरेशनआधी अंगात कुठेही इन्फेक्शन नको. लावणीत पायाला चिखल्या झाल्या असतील, टाचेच्या भेगा पिकल्या असतील, दाढ किडली असेल, लघवीला जळजळ असेल तर आधी ते बरं करून घ्या, कारण तिथले जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतात. शुगर आटोक्यात आणा. आणि मशेरी! आपल्याकडच्या बायका मशेरीला तंबाखू समजतच नाहीत, डॉक्टरांनी विचारलं तरी सांगत नाहीत, पण निकोटिनने जखम भरायला उशीर होतो, म्हणून किमान महिनाभर आधी ती बंद व्हायला हवी. रक्त पातळ करायच्या गोळ्या, काढे, आयुर्वेदिक औषधं सगळी डॉक्टरांना दाखवा, मनाने काही बंद करू नका.

आता घर. मोबाईलवर घराचा व्हिडिओ काढून हॉस्पिटलमधल्या फिजिओला दाखवा, उंबरठा कसा ओलांडायचा, पडवीच्या पायऱ्या कशा चढायच्या हे ते नीट शिकवतात. माजघरात संडासाच्या जवळच्या बाजूला पलंग लावा, बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा खाली राहतील एवढा उंच. खुर्चीचंही तेच, हाताची आणि घट्ट बसकेची हवी, प्लास्टिकची डुगडुगणारी नको. संडास मागच्या अंगणात असेल तर कमोडची खुर्ची भाड्याने आणा, न्हाणीत उंच स्टूल, रबरी मॅट आणि भिंतीला पक्की दांडी लावा. गोधड्या, पायपुसणी, वायरी उचलून टाका आणि रोजच्या वस्तू कंबरेच्या उंचीवर ठेवा. बॅटरी उशाशी.

मुंबई किंवा कोल्हापूरहून घरी आणताना पुढची सीट मागे सरकवून थोडी आडवी करा, खाली उशी घाला, आधी बसायचं आणि मग पाय आत घ्यायचे. घाट असो की हायवे, तासाभराने थांबून चार पावलं चालवा.

बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात, घाबरू नका. पडल्यापडल्या पावलं वर-खाली करत राहायचं, त्याने पोटरीत रक्त साकळायचा धोका कमी होतो. रक्त पातळ करायचं औषध दिलं असेल तर पूर्ण कोर्स घ्या, बरं वाटतंय म्हणून सोडू नका. झोपताना दोन पायांत उशी. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, आणि काठी आली की ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. वेदनेच्या गोळ्यांनी पोट जड होतं, तेव्हा पाणी, भाज्या, इसबगोल. टाके साधारण 10 ते 14 दिवसांत निघतात, तोवर जखम कोरडी.

गावात कोणीतरी तेल लावून पाय चोळून देतो म्हणून येणारच. त्यांच्या मायेला नाही म्हणवत नाही, पण चोळू देऊ नका, पोटरीत रक्ताची गाठ असेल तर ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. गणपतीच्या आरतीला, पंगतीला खुर्चीच द्या, भिडेपोटी खाली बसायचं नाही. खाली बसायला, मांडी घालायला पुढे चालेल का हे सर्जनच सांगतील.

पोटरी एकाच बाजूला सुजून दुखली, दम लागला, छातीत दुखलं, जखमेतून पाणी किंवा पू आला, थंडी वाजून ताप आला, किंवा अचानक जोराची कळ येऊन पाय आखूड आणि वळलेला दिसला तर सकाळची वाट बघायची नाही. म्हणून आधीच ठरवून ठेवा रात्री गाडी कोण काढणार, आणि त्याचा, हॉस्पिटलचा आणि 108 हे नंबर मोठ्या अक्षरात लिहून पलंगाजवळच्या भिंतीला चिकटवा.