जुनी केल-टेक पी-११ घ्यायचीय? मग मालकांची मतं अशी वाचा

एक जण म्हणतो ट्रिगर बकवास आहे, दुसरा म्हणतो इतकी वर्षं खिशात आहे, एकदाही दगा दिला नाही. एकाच पिस्तुलाबद्दल. आणि दोघंही खरं बोलत असतात. मी इथे टेक्सासमध्ये रेंजवर जायला लागलो तेव्हा हे वाचून डोकं चक्रावलेलं, आता ग्रीन कार्डवाले दोन-तीन मित्र विचारतात की सेकंडहँड पी-११ स्वस्तात मिळतेय घेऊ का, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी वस्तू काय आहे ते समजून घ्या, नाहीतर अर्धी मतं कळणारच नाहीत. केल-टेक ही फ्लोरिडातल्या कोको गावची कंपनी, डिझाइन जॉर्ज केलग्रेन या स्वीडिश माणसाचं, बाजारात आली १९९५ ला. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत १० पेक्षा जास्त राउंडच्या (काडतुसांच्या) नवीन मॅगझिनवर, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डबीवर, बंदी आली होती, ती २००४ पर्यंत चालली. मग लोक म्हणाले १०च मिळणार असतील तर मोठं धूड कशाला बाळगू? पी-११ नेमकी त्यात बसली, ९ एमएम, १०+१ (मॅगझिनमध्ये १०, नळीत १), बाहेरून पॉलिमर, आत ॲल्युमिनियमची फ्रेम, रिकामी असताना वजन जवळपास ४०० ग्रॅम. आता बनत नाही, म्हणून जी मिळेल ती जुनीच.

आता ट्रिगर. ही डबल-ॲक्शन-ओन्ली आहे, म्हणजे दर वेळी चाप ओढला की हॅमर, म्हणजे आतला हातोडा, आधी मागे जातो आणि मग सुटतो, पहिल्या राउंडला जेवढा जोर तेवढाच शेवटच्याला. वेगळा सेफ्टी खटका नाही, ती लांब जड ओढ हीच सेफ्टी. फायदा असा की राउंड फुटला नाही तर तसाच परत चाप ओढून हॅमर पुन्हा मारता येतो, याच कंपनीच्या छोट्या पी-३एटीला ते जमत नाही. पण ओढ आहे साधारण ४ किलोची. हिशोब करा, ४०० ग्रॅमची वस्तू आणि तिच्या दहापट जोर एका बोटाने लावायचा, नळी हलणारच ना. म्हणून "ट्रिगर जड आहे" हे वाचलं की पुढे चला, ती या जातीचीच गोष्ट आहे, गाढवाने लाथ मारली याची तक्रार कोण करतं.

कामाची तक्रार वेगळी असते. कोणी लिहितो की राउंड फीड रॅम्पवर, म्हणजे मॅगझिनमधून नळीत जायच्या उतारावर, अडकतात, किंवा हॅमर पडतो पण प्रायमरवर, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या पेट घेणाऱ्या टोपीवर, टिचकी हलकी बसते. अशा वेळी बघायचं की त्याने किती राउंड मारले, कुठल्या बनावटीचे, आणि आधी आत काय उद्योग केले. केल-टेकवाल्यांमध्ये "फ्लफ अँड बफ" म्हणून एक प्रकार आहे, घरी बसून रॅम्प आणि आतले भाग घासून चकचकीत करायचे. जपून केलं तर ठीक, पण काही जण असे घासतात की आकारच बदलतो, आणि ट्रिगर हलका करायला हॅमरची स्प्रिंग बदलली असेल तर हलकी टिचकी तिथूनच येते. त्यामुळे विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच, स्प्रिंग ओरिजिनल आहे का? आणि मूळ भाग ठेवलेत का.

दुकानात हातात आली की मॅगझिन काढा, स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे घ्या, चेंबर (नळीतली राउंड बसायची जागा) डोळ्याने बघा आणि करंगळी घालूनही बघा. मला एका दुकानात काउंटरवाल्याने "रिकामी आहे" म्हणत हातात दिली होती, मी सवयीने स्लाइड ओढली तर काचेवर टण्णकन राउंड पडला. तो पांढराफटक, मी त्याहून.

मग परवानगी घेऊन, स्नॅप कॅप (सरावाचं खोटं काडतूस) घालून, सुरक्षित दिशेला दहा वेळा ट्रिगर ओढा. पहिले दोन कोणालाही जमतात, खरं आठव्या-नवव्याला कळतं. बोट थरथरायला लागलं तर ही तुमची नाही, सोडून द्या, लाज कसली. करंगळी खाली लोंबकळते ही बहुतेकांची तक्रार, त्यासाठी मॅगझिनला लावायचा तळाचा तुकडा मिळतो. बऱ्याच जणांचं बोट ट्रिगरच्या टोकाला चिमटतं, पन्नास राउंडनंतर लाल होतं, ते तुमच्या हातावर अवलंबून आहे.

माझे शॉट सुरुवातीला सगळे खाली डावीकडे. मी पिस्तुलाला शिव्या देत होतो आणि रेंजवरच्या एका आजोबांनी त्याच पिस्तुलाने सगळे शॉट मुठीएवढ्या जागेत मारून दाखवले! मनगट ढिलं माझं होतं. एवढ्या हलक्या पिस्तुलाला ढिलं धरलं की स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि राउंड अडकतात, म्हणजे अडकण्याच्या तक्रारींतल्याही काही हाताच्याच. घरी सराव करताना काडतुसं दुसऱ्या खोलीत, आत स्नॅप कॅप, आणि स्लाइडवर पुढे एक नाणं ठेवायचं, ते न पाडता चाप ओढायचा. मी आईने दिलेल्या जुन्या डब्यातलं २५ पैशांचं नाणं वापरतो, पहिला आठवडा ते फरशीवरच होतं.

घेतल्यावर निदान २०० राउंड मारल्याशिवाय मी तरी भरवसा ठेवत नाही, आणि रोज जे भरणार तेही त्यात मारून बघायचे. होल्स्टर ट्रिगर पूर्ण झाकणारंच हवं, नुसतं खिशात किल्ल्यांबरोबर टाकणं म्हणजे मूर्खपणा.

कागदाचं पण बघा. दुकानातून घ्यायला २१ पूर्ण लागतात, ४४७३ नावाचा सरकारी खरेदी फॉर्म आणि बॅकग्राउंड चेक असतो. एच-१बी वाल्यांनो, तुम्हाला सहसा बंदूक बाळगताच येत नाही, वैध हंटिंग लायसन्ससारखे थोडे अपवाद सोडून, त्यामुळे मित्राची घेऊन बघतो असलं काही करू नका, आधी वकिलाला विचारा.

आणि भारतात जाताना बॅग. बॅकपॅकच्या शिवणीत एक राउंड राहिला आणि मुंबईला स्कॅनरमध्ये दिसला तर आर्म्स ॲक्टची केस होऊ शकते, "चुकून राहिला" हे पोलिस स्टेशनमध्ये बसून सांगावं लागतं. माझी रेंजची बॅग गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेली असते, प्रवासाला ती कधीच निघत नाही, बायकोने मागितली तरी.