घरातल्या मानसिक आजारांची वंशावळ कशी मांडावी

आईला स्किझोफ्रेनिया (भास आणि भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार) असेल, तर मुलाला तो होण्याची शक्यता १०० मध्ये सुमारे १० असते. एरवी ती १०० मध्ये १ च्या आसपास. म्हणजे धोका वाढतो हे खरं, पण अशा बहुतेक मुलांना हा आजार होत नाही. आई-वडील दोघंही आजारी असतील तर मात्र आकडा ४० च्या घरात जातो. घरात सख्ख्या नात्यात नैराश्य असेल तर त्याचा धोका दुपटी-तिपटीने वाढतो.

तुमच्या घरापुरतं चित्र हवं असेल तर कागद आडवा घ्या आणि तीन पिढ्या मांडा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आजारी व्यक्तीचं चिन्ह भरून काढा. आधी आई-वडील, सख्खी भावंडं, मुलं. मग आजी-आजोबा, मामा, मावशी, काका, आत्या. काकू आणि मामी यांच्याशी सहसा रक्ताचं नातं नसतं, त्यामुळे त्यांचा आजार तुमच्या हिशोबात येत नाही. इथे हमखास गोंधळ होतो.

माहिती काढणं हेच खरं अवघड काम. "मावशीला काय आजार होता?" असं विचारलं की "काही नाही, जरा तापट होती" एवढंच हाती लागतं. त्याऐवजी वागणं विचारा: कितव्या वर्षी सुरू झालं? कुणी नसताना आवाज ऐकू यायचे का? आठवडाभर जेमतेम झोपूनही अंगात उत्साह मावत नव्हता, पैसे उधळले जात होते, असं कधी झालं? बाळंतपणानंतर काही बिघडलं? कोणत्या औषधाने उतार पडला? आत्महत्येचं विचारताना घाई करू नका, पण ते वगळूही नका.

जुन्या निदानावर फार विसंबू नका. बायपोलरला (कधी नैराश्य, तर कधी उन्माद म्हणजे अतिउत्साहाचा झटका येणारा आजार) पूर्वी अनेकदा स्किझोफ्रेनिया म्हटलं गेलं. उतारवयातला स्मृतिभ्रंश आणि दारू अचानक सोडल्यावर झालेला भ्रम वेगळे नोंदवा.

हा कागद मानसोपचारतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत द्या. नैराश्याचा रुग्ण आणि घरात बायपोलर असेल, तर नुसत्या नैराश्यविरोधी गोळीने उन्माद उसळू शकतो; डॉक्टर औषध त्या बेताने निवडतात. आईला किंवा बहिणीला बायपोलर किंवा बाळंतपणानंतरचा तीव्र मनोविकार झाला असेल, तर गरोदरपणातच प्रसूतितज्ज्ञांना सांगा. हा मनोविकार बहुधा बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत उफाळतो आणि फार वेगाने वाढतो. घरात स्किझोफ्रेनिया असेल तर गांजाला हातही लावू नये, किशोरवयात तर मुळीच नाही.

जनुकांची तपासणी करून हा प्रश्न सुटत नाही; तुम्हाला आजार होईल की नाही हे सांगणारी चाचणी आज नाही. आणि कागद कोरा निघाला तरी लक्षणांकडे काणाडोळा नको: स्किझोफ्रेनियाच्या बहुसंख्य रुग्णांच्या सख्ख्या नात्यात तो कुणालाच नसतो. आवाज ऐकू येणं किंवा जीव द्यावासा वाटणं सुरू झालं असेल, तर वंशावळ पुरी होण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.