दान आलेल्या सुट्या भागांतून शॉर्ट-स्केल बेस : या चुका टाळा

एकाकडून बॉडी, दुसऱ्याकडून नेक, तिसऱ्याच्या खोक्यातून पिकअप (तारांचा आवाज उचलणारं चुंबकी उपकरण), आणि तारा पिळायच्या खुंट्या कुणाच्या ते कुणालाच आठवत नाही. अशा जमवाजमवीतून झकास बेस (म्हणजे बेस गिटार) उभा राहतो. फसतो तेव्हा बहुधा भाग चांगलेच असतात, फक्त एकमेकांचे नसतात. ते कळतं भोकं पाडून झाल्यावर. म्हणून ड्रिल मशीन सगळ्यात शेवटी बाहेर काढा. आधी सगळे भाग टेबलावर मांडा, स्टीलची पट्टी घ्या आणि नेकपासून मोजायला सुरुवात करा. ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) कुठे, पिकअप कुठे, बॉडी चालेल की नाही, हे सगळं नेकच ठरवते.

‘शॉर्ट स्केल’ हे माप नव्हे

स्केल म्हणजे नट (नेकच्या टोकाची, तारा टेकवणारी खाचांची पट्टी) ते ब्रिज एवढी तारेची लांबी. फेंडर कंपनीचा १९५१चा प्रिसिजन बेस ३४ इंची, म्हणजे ८६४ मिमी. त्याच कंपनीचा १९६६चा मस्टँग बेस ३० इंची, म्हणजे ७६२ मिमी. गिब्सनचा ईबी-३ साडेतीस इंची, ७७५ मिमी. शेवटच्या दोघांनाही लोक शॉर्ट स्केलच म्हणतात, पण त्यांच्यात १३ मिमीचा फरक आहे आणि ब्रिजची जागा चुकायला तेवढा पुरतो. देणाऱ्याने ‘तीस इंची आहे’ म्हटलं तरी मोजा. नटाची फ्रेटबोर्डाकडची (नेकच्या वरच्या लाकडी पट्टीकडची) कड ते बाराव्या फ्रेटचा (त्यात बसवलेल्या आडव्या धातूच्या पट्टीचा) मध्य हे अंतर घ्या आणि दुप्पट करा. ३८१ आलं तर स्केल ७६२. सुताराच्या टेपच्या टोकाचा हुक थोडा हलतो, त्यामुळे टेपच वापरायची असेल तर शून्याऐवजी १०० मिमीच्या खुणेपासून मोजा.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे ३४ इंची नेक लावून ब्रिज पुढे सरकवणे. फ्रेट ८६४ साठी कापलेले असतात. ब्रिज पुढे आणला की मोकळी तार सुरात लागेल, बाकी एकही फ्रेट सुरात येणार नाही. लांब नेकचे पहिले दोन फ्रेट कापले तर स्केल ७६९ मिमी होते, हे गणित बरोबर आहे. पण त्याबरोबर हेडस्टॉक (खुंट्या बसतात ते टोक) जातो, नवा जोडावा लागतो, आणि ट्रस रॉडचा (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईचा) फिरवायचा नट हेडस्टॉककडे असेल तर तोही करवतीखाली येतो. पहिल्याच बेसला हा उद्योग नको.

फुकट आलेली नेक घेण्यापूर्वी दोन गोष्टी बघा. एक, हीलकडून (बॉडीत बसणाऱ्या टोकाकडून) डोळा लावून नटाकडे पाहा. दोन्ही टोकांचे फ्रेट एकमेकांना समांतर दिसले नाहीत तर नेक पिळवटलेली आहे. पिळ ट्रस रॉडने निघत नाही, ती नेक भिंतीवर टांगा. दोन, ट्रस रॉडचा नट दोन्हीकडे फिरतो का? पाव फेऱ्यापेक्षा जास्त जोर एका वेळी नको. इंची नटात मिलिमीटरची किल्ली कोंबली की षटकोन गोल होतो आणि मग काहीच करता येत नाही, तेव्हा अजिबात न खुळखुळणारी किल्लीच वापरा. तार नसताना नट पूर्ण सैल करूनही नेक मागे वाकलेली राहिली आणि रॉड एकेरी (एकाच दिशेने वाकवणारा) असेल, तर फक्त जाड तारांची ओढच तिला सरळ करेल. ती पुरेल याची खात्री नाही, कारण शॉर्ट स्केलवर ओढ मुळातच कमी असते.

पॉकेट आणि चार स्क्रू

गिटारच्या नेकची हील साधारण ५६ मिमी रुंद, बेसची ६२ ते ६३.५. म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या बॉडीत बेसची नेक बसवायची तर पॉकेट (नेक बसायचा बॉडीतला खड्डा) दोन्ही बाजूंनी सारखं रुंद करावं लागतं. एकाच बाजूने कोरलं की मध्यरेषा सरकते, आणि पुढची सगळी मापं तिच्यामागे जातात.

स्क्रूची लांबी कुणी मोजत नाही, म्हणून हे जरा सावकाश. फेंडर पद्धतीची बॉडी ४५ मिमी जाड आणि पॉकेट १६ मिमी खोल असतं, म्हणजे पॉकेटखाली २९ मिमी लाकूड. मागच्या पत्र्याचे साधारण २ मिमी धरले तर ४५ मिमीचा स्क्रू नेकमध्ये १४ मिमी शिरतो. छान पकडतो. आता हाच स्क्रू ४० मिमी जाडीच्या बॉडीत घाला, तो १९ मिमी आत जाईल. हीलची एकूण जाडी २५ मिमी आणि त्यात फ्रेटबोर्ड ६ मिमीचा असतो. म्हणजे स्क्रूचं टोक फ्रेटबोर्डाला खालून भिडतं, आणि शेवटचे फ्रेट का उचलले गेले ते शोधत तुम्ही संध्याकाळ घालवता. पातळ बॉडीला ४० मिमीचे स्क्रू घ्या.

बॉडीतली भोकं ४.५ मिमीची, स्क्रू सहज सरकणारी हवीत. नेकमधली ३ मिमीची, आटे पकडणारी. बॉडीतही आटे पकडले तर स्क्रू कितीही आवळा, नेक आणि बॉडीमध्ये कागद जाईल एवढी फट राहतेच. मेपलमध्ये स्क्रू घालण्यापूर्वी आट्यांवर मेणबत्तीचं मेण किंवा अंगाचा साबण चोळा. कोरडा स्क्रू मान मोडून आत राहिला तर काढायला अर्धा दिवस जातो. जुनी भोकं जागेवर येत नसतील तर त्यांत लाकडी गोल काडी फेव्हिकॉल लावून ठोका, रात्रभर सुकू द्या, मग नवीन भोक पाडा. आगपेटीच्या काड्या आणि लाकडाचा भुसा पिकगार्डच्या स्क्रूला चालतात, नेकला नाही.

ब्रिज : दोऱ्याशिवाय भोक पाडू नका

दान आलेल्या ३४ इंची बॉडीवर ३० इंची नेक लावली की ब्रिज जुन्या जागेवर बसत नाही. दोन्ही नेक २० फ्रेटच्या असतील आणि हीलचं टोक सारखंच असेल, तर शेवटचा फ्रेट ते ब्रिज हे अंतर २७२ मिमीवरून २४० वर येतं. म्हणजे ब्रिज ३२ मिमी पुढे. जुनी भोकं मागे उघडी पडतात, आणि कधी पिकअपचा खड्डा ब्रिजच्या पट्टीखाली येतो. गिटारच्या बॉडीवर उलटं होतं, ब्रिज मागे जातो. ट्रेमोलोची (हलत्या ब्रिजची) गिटार असेल तर त्याचा आरपार गाळा ब्रिजच्या स्क्रूंखाली तर येत नाही ना, हे आधी तपासा. येत असेल तर त्यात त्याच जातीच्या लाकडाचा ठोकळा चिकटवून भरा. हवेत स्क्रू पकडत नाही.

आता दोरा. नेक चारही स्क्रूंनी आवळा. नटाच्या ई (सर्वांत जाड तार) आणि जी (सर्वांत बारीक) या दोन बाहेरच्या खाचांतून शिवणाचा जाड दोरा ओढा आणि मागे ब्रिजच्या त्याच दोन सॅडलवरून (तार टेकायच्या, पुढेमागे सरकणाऱ्या ठोकळ्यांवरून) नेऊन बॉडीच्या शेपटीला चिकटपट्टीने ताणून लावा. ब्रिज दुहेरी टेपवर नुसता ठेवलेला असू द्या. शेवटच्या फ्रेटवर दोन्ही दोऱ्यांपासून फ्रेटबोर्डाच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. दोन्हीकडे सारखं येईपर्यंत ब्रिज डावीउजवीकडे सरकवा. ई बाजूला ४ आणि जी बाजूला २ राहिले तर जी तार वाजवताना कडेवरून घसरते. ही चूक भोकं पाडल्यावर सुधारायची म्हणजे परत काड्या ठोकणं आलं.

पुढेमागे कुठे? इथे बहुतेक जण ब्रिजचा मध्य बरोबर ७६२ वर ठेवतात, आणि मग ई तारेचं सॅडल मागे जायला जागाच उरत नाही. दाबलेली तार ताणली जाऊन सूर चढतो, म्हणून प्रत्येक तार नावाच्या मापापेक्षा थोडी लांब ठेवावी लागते. छोट्या स्केलवर जाड तारेला ही भरपाई जास्तच लागते. जीला २ ते ३ मिमी, ईला ५ ते ८. जीचं सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे घ्या, पुढे जायला ३ मिमी शिल्लक ठेवा, आणि त्या स्थितीत ते ७६३ वर येईल अशी पट्टी ठेवा. मागे राहिलेली सगळी जागा ईला मिळते. तरीही ई मागे अडलीच तर सॅडलची स्प्रिंग काढून अर्धी कापा.

तारा

‘लाँग स्केलच्या तारा कापून चालतात की’ हा सल्ला अर्धा खरा आहे. तारेचा जाड वेटोळ्यांचा भाग खुंटीच्या दांड्याभोवती गुंडाळला गेला तर तिथे ती वाकत नाही, मोडते. कधी सुरात राहत नाही, कधी पहिल्याच दिवशी तुटते. खुंटीपाशी पोचेपर्यंत तार बारीक झालेली असायला हवी. त्यासाठी ३० इंचाच्या तारा घ्या, आणि बॉडीमधून तार ओवणारा ब्रिज असेल तर पाकिटावरची लांबी आधी मोजून बघा. कापावीच लागली तर खुंटीपासून पुढे सुमारे ८० मिमी ठेवा, तिथे तार पकडीने काटकोनात वाकवा, आणि मगच वाकाच्या पलीकडे कापा. न वाकवता कापली तर वरचं वेटोळं आतल्या गाभ्यावर सुटतं आणि तार मुकी होते.

तारेची ओढ स्केलच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ३४ वरून ३० वर आल्यावर त्याच तारा २२ टक्के सैल पडतात. म्हणून ४५-१०५ (बारीक ते जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) ढिल्या वाटल्या तर ५०-१०५ लावा. नटाच्या खाचा मात्र आधीच्या मालकाच्या तारांच्या मापाच्या असतात. जाड तार खाचेत अडकली की ट्यून करताना ‘टिक’ असा आवाज येतो आणि सूर एकदम उडी मारतो. खाच बारीक कानशीने रुंद करा, खोल नको.

वायरिंग

पॅसिव्ह (बॅटरी न लागणाऱ्या) पिकअपला २५०के, म्हणजे २५० किलोओहमचा पॉट (आवाज आणि टोनच्या बटणाखालचा फिरता भाग), टोनला ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ज्यावर ४७३ छापलेलं असतं. अ‍ॅक्टिव्ह (बॅटरीवर चालणाऱ्या) पिकअपला बहुधा २५के. दान आलेल्या डब्यात हे सगळे पॉट एकमेकांत मिसळलेले असतात, तेव्हा मल्टिमीटरने एकेक मोजून घ्या. पिकअपही मोजा. जॅझ पद्धतीचा (फेंडरच्या जॅझ बेससारखा) ७ ते ८ किलोओहम, प्रिसिजनचा १० ते ११ दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर आत वायर तुटली आहे. जॅझची जोडी वेगवेगळ्या मालकांकडून आली असेल तर रुंदी बघा, ब्रिजकडचा पिकअप नेककडच्यापेक्षा काही मिलिमीटर लांब असतो आणि खड्डेही तसेच असतात. पिकअपची जागा जुन्या बेसवरून जशीच्या तशी उचलू नका. सॅडलपासूनचं अंतर ०.८८ ने गुणा. तिथे १५० असेल तर इथे १३२.

पॉटच्या पाठीवर डाग द्यायला ४० ते ६० वॉटची सोल्डरिंग आयर्न लागते. २५ वॉटची वापरली तर डाग दाणेदार, मातकट बसतो, आणि तोवर पॉट आतून भाजून निघतो.

वाजवल्यावर काय ऐकू येतं

सतत घुंघुं, आणि तारेला हात लावला तरी कमी होत नाही : ब्रिजची ग्राउंड वायर नाही किंवा लागलेली नाही. ब्रिज काळ्या रंगाचा असेल तर वायर रंगावर टेकलेली असते आणि वीज जात नाही. पट्टीखालचा रंग नाण्याएवढा खरवडा. हात लावल्यावर घुंघुं वाढत असेल तर जॅकच्या दोन वायरी उलट लागल्या आहेत.

दोन्ही पिकअप चालू केले की आवाज पोकळ, नाकातला : दोघांचं फेज उलटं आहे. कुठल्याही एकाच्या दोन वायरी अदलाबदल करा, पण ज्या पिकअपला ग्राउंडला जोडलेलं धातूचं झाकण नसेल तोच निवडा.

ई तार लहरते, एकाच स्वरात दोन स्वर ऐकू येतात : पिकअप तारेच्या फार जवळ आहे. ढिल्या तारेला चुंबक जास्त खेचतो. शेवटचा फ्रेट दाबून ईखाली ३ मिमी आणि जीखाली २ मिमी फट ठेवा.

पहिल्या तीन फ्रेटवरच सूर चढा : नट उंच आहे. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवर बघा, केसाएवढी फट पुरे. वर सगळीकडेच चढा असेल तर सॅडल मागे घ्या.

पहिल्या चार फ्रेटवर खरखर : रिलीफ, म्हणजे नेकचा पुढचा हलका बाक, कमी आहे. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबल्यावर सातव्यापाशी ०.२५ ते ०.३५ मिमी फट हवी. एकाच फ्रेटवर खरखर असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उचललेला आहे. माळ्यावर पडून राहिलेल्या नेकमध्ये हे हमखास असतं. पातळ सुपरग्लूचा एक थेंब द्या आणि लाकडाच्या तुकड्यावरून क्लॅम्प लावून दाबा.

सॅडल पूर्ण खाली करूनही तारा उंच : पॉकेटच्या ब्रिजकडच्या टोकाला पाचर द्या. तिथे अर्धा मिमी उचललं की ब्रिजपाशी तारा साधारण २ मिमी खाली आणल्याएवढा फरक पडतो. नुसता व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा घालू नका. त्याच्या पुढे पोकळी राहते आणि काही महिन्यांत हील तिथे वाकते. पॉकेटभर लांबीची, निमुळती लाकडी पाचर कापा.

पट्ट्यावर लटकवला की हेडस्टॉक जमिनीकडे जातो : छोटी हलकी बॉडी आणि जुन्या जड खुंट्या. वरच्या शिंगाचं बटण बाराव्या फ्रेटच्या रेषेत येत नसेल तर हे होणारच. हलक्या खुंट्या मिळाल्या तर आधी हेडस्टॉकची भोकं मोजा. जुन्यांची साडेसतरा मिमीपर्यंत असतात, हलक्यांना बऱ्याचदा १४ पुरतात, मधे लाकडी किंवा धातूची कडी लागते.

तारा चढवल्यावर लगेच शेवटची सेटिंग करू नका. एक दिवस सुरात ताणून ठेवा, मग रिलीफ, मग उंची, मग इंटोनेशन (सॅडल पुढेमागे करून फ्रेट सुरात आणणं), याच क्रमाने. मुंबईत किंवा कोकणात जुळवलेला बेस जुलैत लाकडात ओल घेतो आणि दिवाळीनंतर सोडतो. दोन्ही वेळा ट्रस रॉडला पाव फेरा लागेल हे धरून चाला, आणि नेमकी बसणारी किल्ली केसच्या कप्प्यातच ठेवा.